बेंजोवाले काका

अगं ऐक ना, कॅफेतल्या शोसाठी आमच्या बँडला बँजो हवा होता, तो गिटारसारखा, गोल पोटाचा. बँडमधल्या ओजसने फोनवर वादक ठरवला आणि मिरवणुकीतला बटणांचा बेंजो घेऊन काशिनाथकाका हजर! सोबत नवी साडी नेसलेल्या काकू.

"काका, हा नाही हो," ओजस पुटपुटला.

काका बेंजो परत पिशवीत घालायला लागले. "हिला मुद्दाम आणलं होतं. तीस वर्षं ट्रकवर वाजवतोय, हिने कधी खुर्चीत बसून ऐकलं नाही."

मी म्हटलं, "काकू, पुढची खुर्ची घ्या! काका, वाजवा!"

मग काय सांगू! आमची गिटार, काकांचा बेंजो, एकदम संथ चाल. अख्खा कॅफे कप खाली ठेवून ऐकत होता. आणि काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई! अहो, तुम्हाला हळू पण वाजवता येतं?"