कुणाचं पोरगं?

पोरगं रडत होतं आणि माणसं त्याला वळसा घालून चालली होती.

छगनआबांना ते बघवेना. शिर्डीच्या वाटेवरचं ते वॉटरपार्क, त्यात रविवार, ही तोबा गर्दी, आणि एवढ्या गर्दीत आबा मघापासून एकटेच बाकावर पिशव्या राखत बसलेले. लेक अंगद, सून मोनिका आणि नातू समर्थ पाण्यात होते. धोतर नेसून पाण्यात सोडत नाहीत, आणि या वयात ती नायलॉनची चड्डी घालून चारचौघांत फिरायचं? छे! त्यापेक्षा बाक बरा. पण बाकावर बोलायला माणूस नको? शेजारच्या गृहस्थांना आबांनी हौसेनं विचारलं होतं, "कुठलं गाव म्हनायचं, पाव्हनं?" तर त्या गृहस्थांनी आबांकडे एकदा बघितलं, आपली बॅग जवळ ओढली आणि उठून पलीकडे जाऊन बसले. पारनेरच्या बाजारात असं कुणी उठून गेलं असतं तर आबांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथं त्यांनी नुसता घसा साफ केला.

तर ते पोरगं. असेल तीनेक वर्षांचं. शेंबूड ओठावर आलेला, "मम्मा, मम्मा" करून घसा बसलेला.

"कुनाचं रं तू, बाळा?" आबा त्याच्यापुढं उकिडवे बसले. "नाव काय तुजं?"

पोरगं आणखीच भेदरलं.

आता जत्रेत पोर चुकलं तर काय करायचं, हे काय आबांना कुणी शिकवायला हवं होतं? उचलायचं, खांद्यावर बसवायचं, म्हणजे ते लांबून दिसतं, आणि ओरडत गर्दीतून फिरायचं. आबांच्या खांद्यावर बसून कैक पोरं आपापल्या आयांकडे पोचली होती. आया पाया पडायच्या, चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

कानात गाण्याची बोंडं घातलेल्या एका पोरीला "पिशव्यांकडं बघ हं जरा" असं सांगून, आणि तिला ऐकू गेलं की नाही देव जाणे, आबांनी पोरगं खांद्यावर घेतलं.

"कुनाचं पोरगं हाय? ओ, कुनाचं पोरगं हाय हे?"

उंचावर गेल्यावर पोरगं गप्प झालं. त्यानं आबांची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आबांना बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना धरलं होतं.

माणसं बाजूला सरत होती, एकदोघं मोबाईल वर करून शूटिंग घेत होती, पण बोलत कुणी नव्हतं. आबा कारंज्यापाशी गेले, तिथून झोपाळ्यांपाशी. जत्रेत कुणीच भेटलं नाही तर पोर शेवटी देवळाच्या पायरीवर न्यायचं, सगळे तिथंच येतात. इथं देऊळ नव्हतं, म्हणून आबा गेटाकडं वळले.

तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"सोड! सोड त्याला!" एक बाई धावत आली आणि तिनं पोरगं खांद्यावरून ओढून घेतलं. टोपी खाली पडली. "कुठे घेऊन चालला होतास? गेटकडे? हात कसा लावलास माझ्या मुलाला?"

"अवो ताई, चुकलं हुतं ते..."

"चुकलं कुठे? पाण्याची बाटली आणायला गेले होते मी! तिथंच उभा राहा म्हणून सांगितलं होतं त्याला!"

बाई म्हणत होती ते खोटं नव्हतं. पोर होतं तिथंच राहिलं असतं तर तिला लगेच सापडलं असतं. पण थोरले भाऊ गेल्यापासून आबांना अरे-तुरे करणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ही तर लेकीच्या वयाची.

गर्दी जमली. "पोलिसांना बोलवा." "अहो, असलेच असतात हे." "द्या दोन थोबाडीत!" कुणाचा तरी हात आबांच्या मानेवर पडलासुद्धा. गेटावरचा गार्ड परवेझ मध्ये पडला म्हणून निभावलं.

"आजोबा, बरोबर कोन हाय तुमच्या?"

"हाय की. लेक, सून, नातू."

"फोन लावा त्यांना."

लावला. पण अंगदचा फोन लॉकरमध्ये वाजत होता, उचलणार कोण?

परवेझनं त्यांना केबिनबाहेरच्या खुर्चीवर बसवलं. घरचे येईपर्यंत हलायचं नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बजावलं. मग गर्दी पांगल्यावर हळूच म्हणाला, "मला कळतंय हो आजोबा. मी बी खेड्यातलाच. पन हितं कुनाच्या पोराला हात लावायचा न्हाई. आमाला सांगायचं, आमी माईकवर पुकारतो."

"आन् तवर त्यानं रडत बसायचं?"

परवेझनं मघाशी उचलून आणलेली टोपी झटकून त्यांच्या हातात दिली.

आबा बसून राहिले. येणारा-जाणारा वळून बघत होता. एका बाईनं चालता चालता आपल्या मुलीला पलीकडच्या हाताला घेतलं, तेही आबांना दिसलं. एवढी माणसं, एवढा कालवा, आणि हा माणूस तसला नाही, एवढं सांगायला एक जण नसावा? आबांना गावाची अशी आठवण आली की डोळेच भरले. त्यांनी टोपीनंच ते पुसले.

बऱ्याच वेळानं समर्थ दिसला. अंगद आणि मोनिका अजून लांब होते, तो एकटाच पुढं पळत आला. ओलाचिंब, थंडीनं दात वाजतायत, आणि नेहमीसारखे दोन्ही हात वर करून आबांपुढं उभा राहिला.

"आबा, उचल ना!"

आबांचे हात पुढं झाले आणि मध्येच थांबले. त्यांनी परवेझकडं बघितलं.

"सायेब," ते म्हणाले, "ह्यो माजाच हाय. उचलू का?"