एकोणसत्तर

"एका मार्कासाठी अख्खं गाव वेठीला धरणार का, ह्रुस्काबाई?" प्रिन्सिपॉल पॅक्स्टन म्हणाले आणि कॉर्विन टेटचा इतिहासाचा पेपर त्यांनी टेबलावरून बाईंच्या पुढ्यात सरकवला. वर लाल शाईत ठसठशीत ६९. पास व्हायला सत्तर लागतात.

टेक्सासात एरवी सगळ्यातून वाट काढता येते, पण या नियमातून नाही. एका विषयात जरी गटांगळी खाल्ली, तरी पोराने तीन आठवडे मैदानात पाय ठेवायचा नाही. आणि शुक्रवारी डनलेव्ही हायस्कूलशी उपांत्य सामना होता.

कॉर्विन हा हार्लन क्रीक हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा रनिंग बॅक. चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्या अकरा रेड्यांमधून आरपार निघायचं, एवढंच त्याचं काम. ते तो असं करायचा की नववीपासून गावातल्या एकाही न्हाव्याने त्याच्याकडून पैसे घेतले नव्हते. दुकानांच्या काचांवर त्याचा तेवीस नंबर रंगवलेला होता. बँकेच्याही.

"सिव्हिल वॉरचं एक साल चुकलं पोराचं," कोच हॅगर्टी गुरगुरले. "मेलेत ना ते सगळे? त्यांची काही तक्रार आहे का?"

कोपऱ्यात लाल जाकीट घातलेला, विद्यापीठासाठी खेळाडू हेरणारा माणूस बसला होता. तो समजुतीने हसला. "आमचं काही अडलेलं नाही हो. येत्या ऑगस्टपासून तो आमचाच आहे. आमच्याकडे तीस वर्षांत एकही रनिंग बॅक नापास झालेला नाही."

"अरे वा! काय शिकवता त्यांना?" बाईंनी विचारलं.

"उद्यान-व्यवस्थापन," तो अभिमानाने म्हणाला.

ह्रुस्काबाईंचं टाळकं सरकलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाचा अर्धा मार्कही इकडचा तिकडे केला नव्हता. पण राहायचं याच गावात होतं. रविवारी पाद्रीबाबा क्षमेवर बोलता बोलता त्यांच्याकडेच बघत होते. आज सकाळी किराणा दुकानातल्या पोरीने त्यांची अंडी पिशवीत तळाशी घातली होती आणि वर भोपळ्याचे डबे रचले होते. माणसाने किती सोसायचं?

"चार वाजता खेळाडूंची यादी जायची आहे ना? तोवर पुन्हा तपासते," त्या म्हणाल्या. कोचनी पाठीवर थाप मारली, ती बाईंना मुळीच आवडली नाही.

वर्गात येऊन त्यांनी चष्मा पुसला. खरं सांगायचं तर त्या थकल्या होत्या. एखादा मार्क कुठे अडकलेला सापडला, तर सुंठीवाचून खोकला जाईल असंच त्यांना वाटत होतं.

तिसऱ्याच प्रश्नाशी त्या थबकल्या. बरोबर उत्तराभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेलं होतं. मग ते रबराने घासून पुसलं होतं आणि शेजारच्या चुकीच्या उत्तराला नवं वर्तुळ केलं होतं. सातव्या प्रश्नातही तेच. अकराव्यातही. कागद उजेडात धरून त्यांनी सगळी मोजली. पुसलेली बरोबर उत्तरं चौदा निघाली.

"मेला थट्टा करतोय माझी!" त्यांनी कॉर्विनला बोलावणं धाडलं.

तो बाकांच्या पाठी धरत धरत आला. डावा पाय लांब सोडून तिरका बसला.

"हा काय चावटपणा आहे? सगळं येतंय की तुला!"

"हळू बोला ना, बाई." त्याने दाराकडे पाहिलं आणि पँट वर सरकवली. गुडघा पावासारखा फुगला होता. "क्लिनिकमधली नर्स म्हणाली, तीन आठवडे पळायचं नाही. पळालास तर हा पाय जन्माचा गेला."

बाईंनी उठून दार लावून घेतलं. "कोचना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, काकडीच्या लोणच्याचं पाणी पी, उतरेल."

"आणि घरी?"

"बाबांनी स्वतः पिऊन दाखवलं."

"अरे देवा! म्हणून मुद्दाम नापास होतोस? मग धड तीस-चाळीस तरी पाडायचेस! एकोणसत्तरवर कोणीही घासाघीस करणार."

कॉर्विन ओशाळला. "त्याहून खाली जाववेना, बाई. महिनाभर वाचलं होतं हो."

बाईंना हसूही आलं आणि भडभडूनही आलं. हा मुलगा पुढची चार वर्षं झुडपांच्या कातरणीवर परीक्षा देणार होता, आणि तीही पाय धड राहिला तर. त्यांनी आवाज खाली आणला. "बाळा, सरळ सगळ्यांना सांग ना, दुखतंय म्हणून. ढ म्हणवून घेण्यापेक्षा ते काय वाईट?"

"नापास झालो तर गाव तुम्हाला शिव्या देईल. दुखतंय म्हटलं तर मला देईल." त्याने मान खाली घातली. "माफ करा, बाई. मला वाटलं, तुम्हाला सवय आहे."

चार वाजता ऑफिसात तिघेही ताटकळत होते. बाई आत येताच पॅक्स्टन उठून उभे राहिले. "सापडली ना चूक? मला खात्रीच होती!"

"सापडली. माझीच चूक," ह्रुस्काबाई म्हणाल्या आणि पेपर त्यांच्या हातात दिला. "बेरीज चुकली होती. अठ्ठावन्नच आहेत."