मागचं डावं चाक

“तार बोलते रे गोमा. आधी तू गप बस, मग ती बोलेल.”

हसन उस्तादांचा हा आवाज गोमाजीला अजून लख्ख ऐकू यायचा. चाळीस वर्षांपूर्वीचा. आजचं मात्र त्याला सगळं ऐकू येत नव्हतं. माणसांचं बोलणं कळायचं, ट्रकचा हॉर्न कळायचा. पण बारीक आवाज, पैंजणाचा, चमच्याचा, तारेचा, दोन वर्षांमागे कधीतरी न सांगता निघून गेला होता. गोमाजीनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

महाडला उस्तादांच्या घरालगतच्या गॅरेजात त्यांची दोन सीटची लाल गाडी होती. विलायती, साठ-पासष्ट वर्षांची. रंग दोनदा बदलला, इंजिन तीनदा उघडलं, पण चाकं तीच, गाडीबरोबर जन्मलेली. एकेका चाकाला सायकलसारख्या साठ तारा. मूळचे टायर शंखजिऱ्याची पूड लावून, सुती कापडात गुंडाळून आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवलेले असत. आज ते टेम्पोतून महाबळेश्वरला जायचे होते. तिथे जुन्या गाड्यांचा मेळा आणि स्पर्धा होती. उस्तादांचा मुलगा फुरकान आणि नात नशरा नव्या टायरांवर गाडी आंबेनळी घाटाने वर नेणार, आणि परीक्षक यायच्या आत चाकांवर जुने टायर चढवणार, असं ठरलं होतं.

निघण्याआधी चाकं वाजवायची, ही घरची रीत. एकेका तारेवर छोट्या पान्याने टिचकी द्यायची आणि ऐकायचं. ढिली तार हाताला लागते. पण आत, चाकाच्या मधल्या हबच्या तोंडाशी तडकलेली तार हाताला लागत नाही. ती फक्त कानाला लागते. म्हणून गोमाजी चाकापुढे उकिडवा बसला की घर गप्प व्हायचं. फुरकान मोबाइल बंद करायचा, आतला मिक्सर थांबायचा. त्या शांततेत गोमाजी मान कलती करून बसायचा आणि त्याला काहीच ऐकू यायचं नाही. मग तो म्हणायचा, “ठीक हाय.”

आजही चारही चाकं झाली. “ठीक हाय.”

“गोमाकाका, मागच्या डाव्या चाकाच्या त्या तीन तारा परत वाजवा ना,” नशरा म्हणाली. बिरवाडीच्या एका कारखान्यात ती इंजिनियर होती. पान्याला तिने आजवर हात लावला नव्हता.

“कशाला गो?”

“तडा गेलेल्या मडक्यासारख्या वाजल्या.”

“तुझ्या कंपनीतली मशीन नाय ही.”

“आमची मशीन बिघडली की लाल दिवा तरी लावते, काका. ही बिचारी नुसती कण्हते.”

हसत हसत तिने पाना उचलला आणि चाकापाशी बसली. टिचकी दिली. तिची मान आपोआप डावीकडे कलली, खालचा ओठ दाताखाली गेला, एक डोळा मिटला.

गोमाजीने ती मान ओळखली. ती मान उस्तादांची होती. त्या मानेसाठी तो पोलादपूरहून रोज पहिल्या एसटीने यायचा. त्या मानेसाठी त्याने शिव्या खाल्ल्या, पान्याचे फटके खाल्ले, घरच्या शेतीवर पाणी सोडलं. उस्ताद गेले तेव्हा लोक म्हणाले होते, कान गोमाजीला देऊन गेले. आणि हिला तो फुकट मिळाला होता. नाकाडोळ्यांसारखा, मागितल्यावाचून.

“याच तीन,” नशरा म्हणाली. “आत तडकल्यात.”

गोमाजीने पाना तिच्या हातून घेतला. हिसकावलाच म्हणा ना. तारांवर मारला. वाजल्या असतील, नसतील.

“ठीक हाय म्हणलं ना एकदा!”

“नशरा, पुरे आता,” फुरकान म्हणाला. “काकांचा कान म्हणजे अब्बांचा कान. ते ठीक म्हणाले की ठीक. बस गाडीत.”

नशराने एकदा चाकाकडे पाहिलं. “सॉरी, काका,” म्हणाली आणि डाव्या सीटवर जाऊन बसली. वाऱ्याने उडू नये म्हणून ओढणी डोक्याभोवती घट्ट आवळून घेतली.

फुरकानचं ते वाक्य गोमाजीच्या जिभेवर गुळाच्या खड्यासारखं विरघळत राहिलं. काकांचा कान म्हणजे अब्बांचा कान. पोरीच्या देखत म्हणाला, हे बरं झालं.

इंजिन सुरू झालं. गाडी हळूच फाटकाबाहेर पडून रस्त्याकडे वळली. पुढे पोलादपूर, मग घाट. तिथे प्रत्येक वळणावर सगळं ओझं एकाच बाजूच्या चाकांवर येतं. चाक मोडलं तर त्याच्या जोडीचं दुसरं जगात शोधून मिळणार नव्हतं. आणि त्या चाकाच्या वरच नशरा बसली होती, मान मागे टेकून, उन्हात डोळे बारीक करून. तिच्या खाली तारांमधून ऊन गरगर फिरत होतं. गूळ एकाएकी कडू लागला.

“फुरकान! थांब!”

गोमाजी धावला. या वयात त्याला कुणी धावताना पाहिलं नव्हतं. गाडी थांबली तशी त्याने हात आत घालून किल्लीच फिरवली.

“काय राहिलं, काका?”

गोमाजी धापा टाकत होता. फुरकानकडे न बघता तो नशराकडे बघत होता.

“त्या तीन तारा बदलायला लागतील,” तो म्हणाला. “मला दोन वर्षं झाली, तार ऐकू येत नाय. हिला आली, म्हणून मगाशी बोललो नाय.”