निवडलेले काटे

फुमिएताई आमच्या खानावळीत आल्या त्या दोन वर्षांनी, भर दुपारी, एकट्याच. त्यांचे यजमान कियोत्सुगु बोटीवरून समुद्रात पडले ते सापडलेच नाहीत. तेव्हापासून ताईंनी मासा तोंडात घातला नव्हता.

मी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि मीठ लावून भाजलेला अख्खा बांगडा पुढ्यात ठेवला.

"अहो, एवढा मला एकटीला जायचा नाही."

"चाखा तरी. कियोत्सुगुसान तर डोकंसुद्धा सोडायचे नाहीत."

ताई हसल्या. "आणि आधी माझ्या माशाचे काटे काढत बसायचे. तुम्ही सगळ्या चिडवायचात मला, कुकुलं बाळ म्हणून."

मी चहा ओतायला वळले. कप भरायला लागतो तेवढाच वेळ. परत पाहिलं, तर ताई ताटलीकडे टक लावून बसल्या होत्या. मासा मधोमध उघडलेला होता आणि सगळे काटे ताटलीच्या कडेला ओळीनं मांडलेले होते. ताईंच्या खायच्या काड्या अजून कागदातच होत्या.

"तुम्ही काढलेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले.

ताईंनी काड्या सोडवल्या, एक घास घेतला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला. मग ताटली समोरच्या रिकाम्या आसनाकडे सरकवली.

"आता तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी बघत राहिलो. थोडा वेळ ताटली तिथेच होती. मग मेजाच्या लाकडावर हलकेच घासत ती परत ताईंच्या पुढ्यात आली.