नळीतलं लाल पाणी

“मावशी, हे असं कधीपासून आहे?” वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या मिस्त्रीने पाळणाघराच्या भिंतीवरच्या जाड पाइपाकडे बोट दाखवलं. पाइपावर नालेसारखी वाकवलेली काचेची नळी होती आणि नळीत लाल पाणी.

“आठ महिने झाले की!” मावशी कौतुकाने म्हणाली. “दोन्ही बाजूंना कसं काटेकोर सारखं! रोज सकाळी आधी तेच बघते. मग रजिस्टरात ‘ठीक’ लिहून सही. एक दिवस चुकला नाही.”

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. “अहो, सारखं असायलाच नको. गच्चीवरचा पंखा ओढत असला की एका बाजूचं पाणी वर चढतं. सारखं म्हणजे पंखा बंद.”

“मग असू दे बंद. उकडतंय कुठे?”

“तो वाऱ्याचा पंखा नाही, मावशी. इथे आधी ड्रायक्लीनिंगचा कारखाना होता. त्याचं रसायन जमिनीत मुरलंय. त्याची वाफ फरशीच्या फटींतून वर येते. वास येण्याइतकीही नसते, पण असते. पंखा ती खालच्या खाली खेचून गच्चीवरून बाहेर टाकतो. पंखा बंद झाला की ती इथे.”

मावशीने खोलीकडे पाहिलं. चौदा मुलं पातळ गाद्यांवर झोपली होती. फरशीपासून चार बोटांवर चौदा नाकं. त्यांतली एक पोर रोज उठल्यावर डोकं धरून रडायची. मावशीनेच तिचं नाव ‘नाटकी’ ठेवलं होतं.

ती मिस्त्रीमागून गच्चीवर गेली. पंखा धडधाकट होता. बटणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पाळणाघर चालवणाऱ्या साहेबांचं वळणदार अक्षर: ‘चालू करू नये. मीटिंगमध्ये आवाज येतो.’

मिस्त्रीने चिकटपट्टी टरकावली, बटण दाबलं. पंखा घुमू लागला. “हवा मोजल्याशिवाय मुलं त्या खोलीत नकोत,” तो म्हणाला. “आज तर नाहीच नाही.”

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. त्यांनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं.

“रजिस्टरात सही कुणाची आहे, मावशी?”

“माझी. पण दोन्ही बाजू सारख्या असल्या की ‘ठीक’ लिहा, हे तुम्हीच सांगितलंत.”

“मी? मी कशाला असं सांगेन?” साहेब हसले. “तुमच्याच ऐकण्यात काहीतरी घोळ झाला असणार. असो. आत्ता दोन खिडक्या उघडा, मुलांची झोप होऊ दे. उद्याचं उद्या बघू. आणि पालकांपुढे उगाच काही बोलत बसू नका. मी जेवून येतो.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब जिना उतरून जाईपर्यंत ती थांबली. मग मिस्त्रीला म्हणाली, “दादा, जरा हात लावता का?”

सगळ्यांत आधी तिने नाटकीला उचललं. कधी नव्हे ते खऱ्या नावाने हाक मारून.

साहेब जेवून परतले, तर त्यांच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मीटिंगचं टेबल भिंतीला टेकलेलं. गालिच्यावर गाद्या, गाद्यांवर मुलं. दोघं सोफ्यावर आडवी. खिडकीबाहेरच्या पाइपात पंख्याचा आवाज घुमत होता आणि एकाचीही झोप चाळवली नव्हती. साहेबांच्या फिरत्या खुर्चीत मावशी सगळ्यांत धाकट्याला मांडीवर घेऊन थोपटत होती.

“हे काय चालवलंय?”

“हळू बोला. उठतील.”

साहेबांनी दाराबाहेर उभ्या मिस्त्रीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. आवाज आपोआप खाली आला. “मावशी, अहो, पालक यायला लागतील आता. मुलं इथे का, म्हणून विचारतील. काय सांगायचं त्यांना?”

“मला नीट ऐकू येत नाही ना,” मावशी म्हणाली. “मी सांगायला गेले तर पुन्हा घोळ व्हायचा. तुम्हीच सांगा.”

आणि तिने खुर्ची दाराकडे वळवली. जिन्यावर कुणाच्या तरी चपला वाजू लागल्या होत्या.