अर्धा अंश

गॅडोलिनियमच्या एका मिश्रधातूचा तुकडा चुंबकात नेला की चार अंशांनी तापतो आणि बाहेर काढला की तितकाच गार होतो, हा सरांचा शोध. गॅसशिवाय चालणारा फ्रीज आता दूर नाही, असा तेव्हा केवढा बोलबाला झाला होता. त्यांची विद्यार्थिनी चार वर्षं तोच धातू वितळवत आणि मोजत होती. आज तिनं वही त्यांच्यासमोर ठेवली.

"सर, चार अंश येतच नाहीत. अर्धाच येतो."

"थर्मामीटर तपासलास?"

"तीनदा. धातूही नवा घेतला, जास्त शुद्ध."

सरांनी चष्मा काढला. "मग बरोबर आहे. मलाही नंतर अर्धाच आला होता. तू यायच्या आधी."

आता आपल्याला राग येईल म्हणून ती थांबली. काहीच आलं नाही.

"मग मला का लावलंत या कामाला?"

"आपलं चुकलं, हे छापायचा धीर झाला नाही. तुझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं हेच आणून दाखवलं, तर मी त्याच्या हाताला सफाई नाही म्हणालो. तो सोडून गेला. म्हणून तू आल्यापासून तुझ्या हाताचं सगळीकडे कौतुक करत राहिलो. आता छाप. लोक तुझंच खरं मानतील."

ते कौतुक तरी खरं होतं का, हे तिनं विचारलं नाही.