फ्लेक्सची गाठ

नायलॉनच्या दोरीची गाठ काही केल्या सुटेना. रुपा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून नखांनी ती उकरत होती. हळदीला बायका यायच्या आत हा फ्लेक्स खाली यायला हवा होता.

फ्लेक्सवर तिची धाकटी बहीण होती. नंदुरबारला नर्स असलेली चेतना, तापीच्या गुडघाभर पाण्यात. ओली पिवळी साडी, उघडी पाठ. मागे भूपेश, होणारा नवरा. त्याचे ओठ तिच्या खांद्यावर टेकलेले. माणसाहून मोठा फोटो, तोही मांडवाच्या तोंडाशी.

"ताई, ऱ्हाऊ दे ना," खालून चेतना हसली. "प्री-वेडिंग शूट शे. हाऊ फोटो सासूबाईनीच पसंत करा."

"आबानी दखा का?"

"नही. फोटोवाला आत्तेच बांधी गया. आबा खळामा शेतस."

सारंगखेड्याच्या यात्रेत रुपाचाही एक फोटो निघाला होता. मागे घोडे, शेजारी कॉलेजातला मुलगा, त्याचा हात तिच्या खांद्यावर. एवढंच. तो मोबाइल आबांनी, तिच्या वडिलांनी, पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. तिचं कॉलेज सुटलं, आणि पुढच्याच महिन्यात मिळालं त्या स्थळी तिला उजवून टाकलं.

तिने गाठीत दात रोवले.

"तू घरमा जाय," ती दातांतूनच म्हणाली. "आबा काय बी बोलनात तरी उलटं बोलू नको."

चेतनाचं हसू मावळलं.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. उजवी जरा घासत येणारी. हा आवाज रुपाला झोपेतही ओळखू आला असता.

आबा फ्लेक्ससमोर थांबले. डोळे बारीक करून त्यांनी फोटो खालपासून वरपर्यंत पाहिला.

"काय करी ऱ्हायनी व रुपा? सोडी ऱ्हायनी?"

दोरी अजून तिच्या दातांतच होती.

"जावाईना फोटो शे तो. आखीन वर बांध. रस्तावरून लोकेसले दिखाले पाहिजे."

रुपाने दोरी ओढायला दोन्ही हात वर केले. डोक्यावरचा पदर घसरला.

"पदर ले व आधी," आबा म्हणाले.